एका गरीब घराची देखभाल

मुलुंड पूर्वेच्या 'सहवास' या सामुदायिक वसाहतीत वीस घरे, एक सामायिक स्वयंपाकघर आणि एक गरीब कुटुंब होते. अल्प उत्पन्नाचे एक तरी कुटुंब राहत असल्याशिवाय उरलेल्या एकोणीस घरांचा परवाना टिकत नसे. त्यामुळे त्या कुटुंबाची काळजी पाण्याच्या टाकीइतकीच घेतली जाई.

कुटुंब म्हणजे सुगंधाताई आणि त्यांची लेक श्रुतिका. स्वयंपाक प्रत्येक घराने पाळीने करायचा होता. पण मंडळी कामात. एकोणीस घरांनी आपापली पाळी सुगंधाताईंना प्रेमाने देऊन टाकली. सदस्याला मजुरी देणे सहजीवनाच्या तत्त्वात बसत नव्हते. शिवाय त्याने गरिबीला धोका होता.

आणि श्रुतिकाला अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. पगार उत्पन्नमर्यादेच्या वर. तातडीची गोल बैठक बसली.

"अभिनंदन," अध्यक्ष शरच्चंद्र खिन्नपणे म्हणाले. "पण तू समूहाचा विचार केला नाहीस, श्रुतिका."

"काका, नोकरी लागलीय. पळून नाही गेले मी."

"अगं, कर ना नोकरी," सचिव अनुपमाताईंनी समजावले. "फक्त पगार घेऊ नकोस. अनुभव घे."

सुगंधाताई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "वेल वाढली तर मांडव उंच करतात, बाबांनो. शेंडा कोण खुडतं? घर आमचं की तुमच्या कागदाचं?"

"घर तुमचंच हो, ताई," अध्यक्ष म्हणाले. " गरिबी मात्र सगळ्यांची आहे."

श्रुतिकाची प्रगती तीन वर्षे स्थगित ठेवण्याचा ठराव मांडला गेला. वसाहतीत निर्णय एकमतानेच होत.

"आमचा विरोध लिहा," श्रुतिका म्हणाली.

"लिहिला असता," अनुपमाताई म्हणाल्या. "पण उत्पन्न वाढलेल्या कुटुंबाला राखीव घराचं मत उरत नाही."

ठराव एकमताने संमत झाला. श्रुतिका सोमवारी कामावर रुजू झाली. महिनाअखेर मायलेकी मानखुर्दला भाड्याच्या खोलीत गेल्या. 'सहवास'ने त्यांना हळवा निरोप दिला आणि त्याच संध्याकाळी जाहिरात दिली: 'गरीब कुटुंब पाहिजे. स्वयंपाक येणारे. मुले हुशार नसावीत.'

आठ दिवसांत दोनशे चौदा अर्ज आले, बहुतेक शेजारच्या टॉवरांतून, उत्पन्नाच्या रीतसर दाखल्यांसह. तुमचाही पोचला. कागद चोख आहेत. फक्त फोटोत मागे एसी दिसतोय, तेवढा फोटो बदलून द्या.