ड्रॅगनच्या वाटेवरचं टेबल

सहा आडवळणं म्हणजे सहा रविवार. रविवारचे चार तास धरले, तर जेवणाचं मोठं टेबल आणखी चोवीस तास आपल्या ताब्यात. सूत्रधाराचा हिशेब इतका साधा होता, आणि साधे हिशेबच माणसाला गोत्यात आणतात.

सूत्रधार हे त्याचं रविवारचं नाव. सोमवार ते शनिवार तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोनवर बसायचा आणि बंद लिफ्टपाशी ताटकळलेल्या माणसांना ‘आमचा माणूस निघालाय’ असं सांगायचा. माणूस कधी निघालेला असायचा, बहुतेकदा नसायचा. लोकांना आशेवर थांबवून ठेवण्यात त्याचा हात धरणारं त्या कचेरीत कोणी नव्हतं.

रविवारी दुपारी दोन ते सहा तो तिघांना एक गोष्ट खेळवायचा. गोष्ट तो सांगायचा, त्यातले वीर हे तिघं व्हायचे, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. त्याची मोठी बहीण आक्का शाळेत मुख्याध्यापिका होती आणि खेळात कुऱ्हाडवाली होती. दोन्हीकडे तिची पद्धत एकच. मित्र दंतवैद्य जादूगार झाला होता. बायकोचा भाऊ पार्सलची गाडी चालवायचा आणि खेळात चोर होता. चोरी करण्याआधी तो दर वेळी परवानगी मागायचा.

राहिली बायको. आठवडाभर ती दुसऱ्याच्या दुकानात शिवायची. स्वतःच्या ऑर्डरी बेतायला तिच्याकडे एकच रविवार. कापड पसरायला ऐसपैस टेबल लागतं, ते घरात एकच, आणि त्यावर बसलेले वीर. म्हणून ती आतल्या खोलीत फरशीवर, गुडघ्यांवर रांगत कापड कापायची. उठताना गुडघे वाजायचे ते बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं, आणि एकदा तर दंतवैद्याने त्या आवाजाला सापळा समजून ढालीचा मंत्र टाकला होता.

दोन वर्षांपूर्वी नवरा-बायकोत करार झाला होता. “ड्रॅगन मेला की रविवारचं टेबल माझं,” ती म्हणाली होती. ड्रॅगन तेव्हा सात डोंगरांपलीकडे होता, त्यामुळे त्याने लगेच मान डोलावली. आता वीर वीसपैकी सातव्या लेव्हलला पोचले होते, ड्रॅगनच्या डोंगराचा धूर दिसायला लागला होता, आणि तेवढ्यात बायकोला एका इस्पितळाची ऑर्डर मिळाली. शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी बेचाळीस हिरवे झगे, दीड महिन्यात. काम पसंत पडलं तर कायमचं. तिने फक्त एवढंच विचारलं, “ड्रॅगन कुठवर आलाय?”

“आमचा माणूस निघालाय,” तो सवयीने म्हणाला, आणि त्याच दिवशी वही घेऊन आडवळणं रचायला बसला. आडवळण म्हणजे मुख्य गोष्टीच्या वाटेत येणारी अशी भानगड, की वीरांना वाटावं आपण पुढे चाललोय, आणि असावं जिथल्या तिथे.

पण सातवी लेव्हल ही मोठी अवघड जागा. पहिल्या लेव्हलच्या वीरांना एक उंदीर दुपारभर पुरतो. विसाव्या लेव्हलच्यांसमोर प्रत्यक्ष देव उभे करावे लागतात. सातवीतले वीर म्हणजे चाळिशीतली माणसं: किरकोळ दुखणं अंगाला लावून घेत नाहीत, आणि मोठं आलं तर आडवी होतात.

पहिल्या आडवळणात पूल होता आणि पुलावर जकात मागणारा राक्षस. वाटाघाटी, तीन कोडी आणि राक्षसाच्या बालपणाची हकिगत धरून सूत्रधाराने चार तास पकडले होते. राक्षसाने घसा खाकरला. आक्काने फासा टाकला, वीस आले. अकरा मिनिटांत, पैकी सात मिनिटं चहाची, राक्षस नदीत.

“बालपणाचं काय करू मग?” सूत्रधाराने विचारलं.

“पुढच्या राक्षसाला दे,” आक्का म्हणाली.

दुसऱ्या आडवळणातली भुताटकीची दलदल दंतवैद्याने एका मंत्रात सुकवून टाकली. ओलं काही दिसलं की आधी कोरडं करायचं ही त्याची दवाखान्यातली सवय. तिसऱ्यात शंभर कुलुपांचा दरवाजा होता. मेहुण्याने परवानगी मागून शेजारची खिडकी उघडली. पाच वाजेपर्यंत सहातली चार आडवळणं संपली होती, म्हणजे चार रविवार एका रविवारात खर्ची पडले होते.

पुढच्या आठवड्यात सूत्रधाराने हात सैल सोडला आणि पाषाणाचा एक अवाढव्य प्राणी आणला. तो अंमळ जास्तच झाला. चोराच्या अंगात एकच श्वास उरला, कुऱ्हाड मोडली, जादूगार बेशुद्ध. मेहुणा घरी जाताना दाजींशी बोललाही नाही. फक्त ताईला म्हणाला की, माझ्याच बहिणीच्या घरात मला मारायला काढलंय. आक्काने दारात चपला घालता घालता निकाल दिला. “पुरे झाली वळणं. येत्या रविवारी सरळ ड्रॅगन. उगाच पोरांना वेगळ्या विषयाचा पेपर दिल्यासारखं करू नकोस.”

म्हणजे सात दिवस. सूत्रधार आतल्या खोलीत गेला तर बायको फरशीवर हिरव्या कापडात बुडालेली. बेचाळीसपैकी पाच झगे कापून झाले होते. तो दाराला टेकून उभा राहिला आणि आपलं दुःख सांगू लागला. तिने तोंडातल्या टाचण्या काढेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही त्यांना हरवायला का बघताय?” ती म्हणाली. “माणूस मारामारीत थांबत नाही. हातात काम द्या, बघा कसा थांबतो.”

“कसलं काम?”

“देईन मी. पण माझं वळण मीच चालवणार. तुमच्या खुर्चीत बसून.”

त्याने मनातल्या मनात जमाखर्च मांडला. गेली तर चार तास खुर्ची जाईल. टेबलावर खेळ तर चालू राहील. ड्रॅगन लांबेल तो लांबेलच. शिवाय तिला हा खेळ धड कळतही नाही, तेव्हा पुढच्या रविवारी सगळे आपल्यालाच शोधत येतील. त्याने होकार दिला, वर दोन सूचनाही दिल्या. त्या तिने ऐकल्या नाहीत.

रविवारी दोन वाजता ती गळ्यात मोजपट्टी घालून सूत्रधाराच्या खुर्चीत बसली. फासे आडोशाला ठेवायचा पुठ्ठा तिने आधी बाजूला केला. म्हणाली, मला लपवायचं काही नाही. मग गोष्ट सुरू केली. ड्रॅगनच्या डोंगराखाली एक म्हातारी शिंपीण राहते. ड्रॅगनच्या आगीत एकच गोष्ट जळत नाही: म्हातारीच्या देखरेखीखाली बेतलेला झगा. पण गावात लढणारे पुष्कळ आहेत आणि म्हातारीचे गुडघे गेलेत. आधी गावाचे झगे, मग तुमचे.

“मी म्हातारीला धमकावते,” आक्का म्हणाली.

“धमकावा. म्हातारी म्हणते, मग जा तशीच, भाजलीस की ये.”

आक्काने उचललेला फासा परत खाली ठेवला. तेवढ्यात बायकोने टेबलावर खरोखरीचं हिरवं कापड उलगडलं. फासा पंधराच्या वर आला तर कात्री, दहाच्या वर खडू, त्याखाली टाचण्या. वेडंवाकडं कापलं तर म्हातारी ओरडणार आणि त्या वीराचा एक श्वास कमी. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मेहुण्याने विचारलं, “ताई, मी खडू चोरू शकतो का?”

“शकतोस. पण मग रेघ तुलाच मारायची.”

त्यानंतर खोलीत कामाला जो जोर चढला तो दोन वर्षांत चढला नव्हता. दंतवैद्याचा हात असा काही स्थिर, की बाह्यांचे गोल त्याने एका दमात कापले. आक्काने घाईत एक गळा चुकवला. म्हातारीने तिला तो उसवून पुन्हा मांडायला लावला, आणि मुख्याध्यापिका तोंडातून शब्द न काढता मांडत बसली. म्हातारीकडे गठ्ठे वाहणारं एक गाढव असायला हवं असं मध्येच ठरलं. सगळ्यांनी सूत्रधाराकडे पाहिलं. मोकळा तोच होता.

सहा वाजता सोळा झगे कापून झाले होते आणि गाढवाने तीनदा चहा केला होता. कोणी उठेना.

दुसऱ्या रविवारी दंतवैद्याने एक झगा उलटसुलट करून पाहिला. “वहिनी, असले झगे शस्त्रक्रियेला घालतात.”

टेबलावरच्या कात्र्या थांबल्या. बायको जराही बिचकली नाही. “ड्रॅगनकडे निघालेल्या गावाला डॉक्टर लागणारच ना,” ती म्हणाली. “झगे खरेच आहेत. इस्पितळाचे. नको असेल तर ठेवा कात्री, सरळ ड्रॅगनकडे जा. वाट मोकळी आहे.”

आक्काने चष्मा पुसला, पुन्हा लावला. “खिसा डावीकडे की उजवीकडे?” तिने विचारलं.

तिसऱ्या रविवारी बेचाळीस झगे पुरे झाले. ऑर्डर वेळेआधी गेली, इस्पितळाला काम पसंत पडलं, आणि त्यांनी आणखी साठ सांगितले. म्हातारीच्या गावात लगोलग साठ लढवय्ये वाढले.

आता सूत्रधाराचा धीर सुटला. त्याने बायकोला एकांतात गाठून सांगितलं की पुरे झालं, येत्या रविवारी ड्रॅगन डोंगरावरून खाली उतरेल आणि मरेल. तो स्वतः मारेल, फासा न टाकता मारेल. तिने शांतपणे खडूला टोक काढलं.

“मारा की. करार आठवतोय ना? ड्रॅगन मेला की टेबल माझं.”

“आणि नाही मेला तर?”

“तर आत्ता कोणाचं आहे?”

त्याने प्रकरण वीरांपुढे नेलं. मेहुणा म्हणाला की दाजी, माझी शिलाई आत्ता कुठे सरळ यायला लागलीय. दंतवैद्य म्हणाला की दवाखान्यात आठवडाभर लोकांचे उघडे जबडे बघितल्यावर कापडाइतकी गरीब वस्तू दुसरी नाही. आक्काने गाढवाकडे बघून फक्त रिकामा कप पुढे सरकवला.

तेव्हा कोणी काय किंमत मोजली त्याचा आजवरचा ताळेबंद असा. आक्काने एक चुकलेला गळा दिला आणि उतावळेपणाची थोडी सवय. दंतवैद्याने अंगठ्याला एक टोच. मेहुण्याने काहीच नाही, उलट बटन लावायचं शिकून घेतलं. ड्रॅगन डोंगरावर सुखरूप आहे, त्याला अजून कोणी ओरखडाही काढलेला नाही. सूत्रधार रविवारी दुपारी आतल्या खोलीत, बायको जिथे बसायची त्याच फरशीवर, मांडीवर वही घेऊन उरलेली आडवळणं दुरुस्त करत असतो. टेबल मोकळं झालं की आमच्याकडचा माणूस कळवेल, असं त्याला बाहेरून सांगण्यात आलंय. चहाची हाक आली की तो उठतो, आणि गुडघे वाजल्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतो.