झिरो तिकिटाचा किराणा

चंपतरावांच्या घरी तेलाची पिशवी संपली तरी संपत नसे. कोपरा कापून ती उलटी खिळ्याला टांगली जाई, खाली वाटी ठेवली जाई आणि वाटीत जमलेल्या सात-आठ थेंबांवर दुसऱ्या दिवशीची फोडणी होई. मग पिशवी आतून-बाहेरून दुकानाच्या दाराच्या बिजागऱ्यांना पुसली जाई. तेलंगणाच्या सीमेवरच्या अख्ख्या जैनथ मंडलात इतकं बिनआवाजी उघडणारं दार दुसरं नव्हतं. हल्ली फक्त त्या दारातून गिऱ्हाईक येईनासं झालं होतं.

समोरच काचेच्या दाराचं, आत गार वारा सोडणारं नवं दुकान झालं होतं. लोक तिकडे घाम पुसायला जात आणि महिन्याचा किराणा घेऊन बाहेर पडत. चंपतरावांचा मुलगा भूषण हैदराबादला कामाला होता. तिकडे खोली मिळेपर्यंत त्याची नवी नवरी चंचल सासरीच होती. "दुकान विकून टाका न बाबा," असं भूषण दर रविवारी फोनवर म्हणे आणि चंपतराव दर रविवारी ऐकू आलं नाही असं दाखवत.

अशात हर्षदीप गुरुजी दुकानात आले. मैत्री नावाच्या त्यांच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि सगळा किराणा त्यांना एकाच ठिकाणाहून घ्यायचा होता. समोरच्या दुकानाचे भाव ते लिहूनच घेऊन आले होते. चंपतरावांनी डोळे मिटून प्रत्येक भावातून दोन-दोन रुपये कमी केले.

"शनवारी चार वाजता माल घरी पायजे, काका," गुरुजी म्हणाले. "पाचले सैपाकी येऊन राह्यले. चारले माल नसला, तं मी समोरून उचलीन. मंग रागावू नका."

त्या दिवशी जेवताना चंपतराव बायकोला म्हणाले, "सोजर, हे लगन धकलं तं दुकान धकलं. नाई तं कुलूपच हाय."

सोजरबाईंनी ताटात आणखी अर्धी भाकर वाढली. नवऱ्याला भीती वाटली की तो कमी जेवतो, हे त्यांना तीस वर्षांत कळलेलं होतं.

निम्मा माल दुकानात होता. उरलेली तूरडाळ, साखर, रवा आणि तेल आदिलाबादच्या ठोक व्यापाऱ्याकडून आणायचं होतं. टेम्पोवाल्याने नऊशे रुपये सांगितले तेव्हा चंपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. भाव इतके खाली आणले होते की नफाच मुळी नऊशेच्या आसपास राहिला होता. ते डोकं धरून ओट्यावर बसले असताना समोर आदिलाबादची बस थांबली. तीतून अकरा बाया उतरल्या. अकराही जणी झिरो तिकिटावर आल्या होत्या, कारण तेलंगणात बायांना बस फुकट. चंपतराव ताडकन उठले.

घरात बाया तीन. एकेकीकडे दोन पिशव्या. तीन दुणे सहा पिशव्या, आणि भाडं शून्य!

"आईले काऊन धाडता?" सोजरबाईंनी विचारलं. "सत्तर वर्साच्या हाये त्या."

"म्हनूनच तं! म्हातारीले बसाले जागा भेटते. जागेखाली दोन पिशव्या बरोबर मावते."

आई प्रयागबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "चंपत्या, मले जत्रेले नेलं नाई तू कधी. दाळीसंगं तरी नेऊन राह्यला, बरं झालं."

शनिवारी सातच्या बसने तिघी निघाल्या. व्यापाऱ्याचे पैसे चंपतरावांनी फोनवरून आधीच पाठवले होते. बायांच्या हातात त्यांनी एक रुपयाही दिला नाही. बस फुकट, मालाचे पैसे दिलेले, मग पैसे लागणार कशाला? आणि बायकांजवळ जास्तीचे पैसे असले की त्यांच्या बांगड्या होतात, असं त्यांचं पक्कं मत होतं.

दहा वाजता परतीची बस आली. चंपतराव पिशव्या उतरवून घ्यायला दुकानापुढे उभे होते. बसमधून दोन पोरी, एक बकरी आणि बकरीचा मालक उतरले. बाकी कोणी नाही.

"वो तीन लेडीज? थैलीवाले?" कंडक्टर दारातूनच म्हणाला. "वो तो सावरी फाटे पे उतर गये, सेठ. बहू का आधार महाराष्ट्र का है. फ्री नहीं चलता. टिकेट तीसकोवाली, मतलब लेना पडता बोला, तो पैसा नहीं बोले."

चंचलचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, महाराष्ट्रातलं. लग्न होऊन चार महिने झाले होते, पण आधार कार्डावर अजून माहेरचाच पत्ता होता. पत्ता बदलायला पन्नास-पाऊणशे लागतात म्हणून "पाहू मंग" असं चंपतरावांनीच म्हटलं होतं. सकाळच्या बसमधली कंडक्टर बाई ओळखीची होती, तिने कार्ड न बघताच तीन तिकिटं फाडली. हा गडी मात्र नियमाचा होता.

"अरे, पण बसमधे कोनी वीस रुपये दिले नाई काय?"

"पूरा बस लेडीज था, सेठ. सब फ्री. एक के पास भी छुट्टा नहीं था. दो आदमी लोग था, वो सो गये." कंडक्टरने घंटी मारली. "बडी अम्मा बोली, बहू उतरी तो हम भी उतरते."

चंपतरावांनी चंचलला फोन लावला. तिचं रिचार्ज संपून आठवडा झाला होता. तेही त्यांनीच पहिल्या तारखेवर ढकललं होतं. साठ-सत्तर किलो माल रस्त्यावर, तीन बाया रस्त्यावर आणि चार वाजता गुरुजी समोरच्या दुकानात!

दुकानाला कडी घालून त्यांनी मोटारसायकल काढली. पेट्रोल ते नेहमी पन्नासचंच भरत. टाकीत जास्त असलं की आपोआप उडून जातं, असं त्यांना वाटे. चौथ्या किलोमीटरला गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वर ऊन, आणि मधोमध गाडी ढकलणारे चंपतराव. एक ऑटोवाला थांबला.

"सावरी फाटा? दोनशे."

"दोनशेत तं मी आदिलाबादले जाऊन येईन!"

"मंग जा," म्हणून ऑटोवाला निघून गेला.

आणखी एक किलोमीटर ढकलल्यावर चंपतरावांनी गाडी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या झोपडीजवळ लावली आणि मागून आलेल्या बसला हात केला. बस गच्च भरली होती. कंडक्टरने सगळ्या बायांवरून नजर फिरवून नेमका त्यांच्यापुढे हात पसरला. पूर्ण बसमध्ये पैशाचं तिकीट काढणारे ते एकटेच होते आणि उभेही तेच होते.

फाट्यावर उतरले तेव्हा बारा वाजले होते. लिंबाखाली वीस-पंचवीस बायांची गर्दी दिसली. आईला ऊन लागलं! ते धावत गर्दीत घुसले.

मधे प्रयागबाई साखरेच्या पिशवीवर ऐसपैस बसल्या होत्या आणि कोणीतरी दिलेला चहा पीत होत्या. लिंबाच्या फांदीला कापूस मोजायचा काटा टांगला होता. त्याला अडकवलेल्या पिशवीत सोजरबाई तूरडाळ ओतत होत्या.

"अर्धा किलो झाली पाह्य बयनाबाई. आनखी काय देऊ?"

"सोजर!" चंपतरावांनी काटा धरला. "लगनाचा माल इकून राह्यली तू?"

"आले काय तुमी? बरं झालं. तो रवा धरा जरा."

"चार वाजता गुरुजीले काय देऊ मी? तुहं डोकस्क जाग्यावर हाय काय?"

गर्दीतल्या बयनाबाईंना हे आवडलं नाही. त्यांच्या ओटीत कापसाची बोंडं अडकलेली होती, म्हणजे त्या वेचणीवरून आल्या होत्या. "काऊन ओरडता, भाऊ? आमच्या फाट्यावरचं दुकान दिवाईपासून बंद हाय. मिठाच्या पुड्यासाठी आमाले आदिलाबादले जा लागते."

"मंग जा न! बस तं फुकट हाय!"

"बस फुकट हाय, पन माह्या अर्ध्या दिवसाचा कापूस कोन येचीन? तुमी?"

भोवतालच्या बाया हसल्या. तीस वर्षांत चंपतरावांनी पेट्रोल, तेल, साबण, आगपेट्या सगळ्यांचा हिशेब धरला होता. बायांच्या दिवसाचा धरायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"चंचल कुठी हाय?" त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

"आदिलाबादले गेली," सोजरबाई म्हणाल्या. "आमी उतरलो, इथं बसलो, तं ह्या बाया भाव इचाराले लागल्या. पयले पाच किलो गेले, तवाच तिले म्हटलं, जा, तिकीट काढून जा, व्यापाऱ्याले तेवढाच माल आनखी माग. जेवढे पैसे जमले तेवढे देजो, बाकीचे संध्याकाई देऊ म्हनजो. टेम्पो करून ये."

"टेम्पो?" चंपतराव दचकले. "नऊशे?"

"पाचशे. एक टेम्पोवाला आमाले रिकामा जाताना दिसला होता. रिकाम्या जानाऱ्याले भाडं कमी लागते, त्यालेच इचारलं मी."

चंपतरावांनी रव्याची पिशवी धरली. एक बाई तेल मागू लागली, दुसरी साखर. हात चालत होते, पण नजर सारखी रस्त्याकडे जात होती. एक वाजला. सव्वा झाला. दीड वाजला तरी टेम्पोचा पत्ता नव्हता.

"नाई येत ती," ते पुटपुटले. "पोरगी नवी हाय. व्यापारी उधार देत नाई. गेलं लगन."

"चंपत्या," प्रयागबाई म्हणाल्या, "तुहा बाप बी असंच करे. उभा राहून जीव टाकत बसे. बस खाली."

पावणेदोनला वळणावर धूळ उडाली. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी चंचल बसली होती, डोक्यावर ओढणी घट्ट बांधून.

"मामाजी, उशीर झाला," ती उतरत म्हणाली. "व्यापारी उधार देतच नव्हता. मी म्हटलं, सावरी फाट्यावर दर शनवारी माल लागते, आमचंच दुकान हाय तिथं. मंग त्यानं दिला. खोटं बोलली, रागावू नका."

चंपतराव रागावण्याच्या स्थितीत नव्हते. ते पिशव्या मोजत होते. लग्नासाठी आणायचा सगळा माल होता, वर दहा किलो जास्तीचा. वाटेत मोटारसायकल आणि दुकानातला निम्मा मालही टेम्पोत चढला. चारला दहा कमी असताना हर्षदीप गुरुजींच्या मांडवापुढे माल उतरला. गुरुजींनी डाळ हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "काका, टाइमाचे पक्के हा तुमी." चंपतराव नुसते हसले. सोजरबाई टेम्पोतून खाली उतरणाऱ्या सासूला हात देत होत्या.

लग्न थाटात झालं. बुंदी सगळ्यांना पुरून उरली. शुक्रवारी जेवताना सोजरबाई म्हणाल्या, "उद्या आमी सावरीले चाललो. बायाइनं दाळीचं, मिठाचं सांगून ठेवलं हाय. चंचलचा खोटेपना तेवढा खरा करतो."

चंपतराव भाकर मोडता मोडता थांबले. "मी बी येतो."

"तुमी कायले? तुमचं तिकीट लागते."

सून खाली मान घालून हसत होती. मग चंपतरावांनी खिशात हात घातला आणि चंचलपुढे पैसे ठेवले. "ह्यातून तुह्या आधाराचा पत्ता बदलून घे. फोनचं बी भर. अन् उद्या बसमधे माह्यं अन् तुहं तिकीट काढजो."

शनिवारी सावरी फाट्यावर गर्दी मागच्याहून जास्त होती. चंपतराव लिंबाच्या फांदीला काटा अडकवत होते, तेवढ्यात बयनाबाई पुढे आल्या.

"भाऊ, आज दाळ कशी?"

तीस वर्षांच्या सवयीने भाव चंपतरावांच्या ओठावर आला होता. तो त्यांनी गिळला. "थांबा माय. मालकिनीले इचारून सांगतो."

सोजरबाईंनी वर न पाहताच भाव सांगितला. पण त्यानंतर साखर मोजताना त्यांच्या हातून पिशवीत मूठभर जास्तच पडली, आणि चंपतरावांनी ती परत काढून घेतली नाही.