वरच्या मजल्यावरचं कोरं दार

विषय : श्री. नॉर्मन ऑटवे, विक्सफोर्ड, यांचा हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या क्लबच्या सभासदत्वासाठीचा अर्ज. संदर्भ : अर्जदाराच्या घरातील, वरच्या मजल्यावरील दार.

कौन्सिलच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून नॉर्मन दिवसभर घरातच असे. त्याला क्लब हवा होता. त्याची बायको बेरिल हिला तर तो त्याच्याहूनही जास्त हवा होता. अर्जावर शेवटचा शब्द क्लबच्या चिटणीस मिसेस फॅनशॉ यांचा, आणि शनिवारी त्या चहाला येणार होत्या.

"वरच्या दारावरची पाटी काढ," बेरिल म्हणाली.

पाटी चिनीमातीची, गुलाबाच्या नक्षीची होती. तिच्यावर लिहिलं होतं, टॉयलेट.

"का? चांगली तर आहे."

"टॉयलेट आपण म्हणतो. मोठ्या घरची माणसं लॅव्हेटरी म्हणतात. पाटी वाचली की आपण कुठले ते बाईंना कळेल."

"अगं, पण आतली वस्तू एकच ना?"

"आतल्या वस्तूला कोण विचारतंय?"

नॉर्मनने पाटी उतरवली. 'लॅव्हेटरी'ची नवी लावावी, तर तो शब्द त्याला भाड्याच्या कोटासारखा काखेत काचत होता. (कचेरीत त्याने जन्मभर दोन्ही शब्द टाळून 'सार्वजनिक सोय' असंच लिहिलं.) दार कोरं राहिलं. शेजारची दोन दारंही कोरीच होती.

बाई आल्या, तीन कप चहा प्यायल्या, "आलेच हं" म्हणून वर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

"चादरींच्या घड्या फार सुरेख घालता तुम्ही," त्या म्हणाल्या. मग अर्धा केक टाकून निघाल्या. चाल जरा जपूनच होती.

"घर आवडलं त्यांना," नॉर्मन म्हणाला.

"कपाट उघडलं त्यांनी, कपाट. आणि विचारणार कशा? मोठ्या घरच्या ना. पळ, सांग जाऊन."

नॉर्मन फाटकापर्यंत धावला. "मिसेस फॅनशॉ, वरती आमची..." टॉयलेट म्हणायची बंदी, आणि लॅव्हेटरी तोंडातून निघेना.

"तुमची काय, मिस्टर ऑटवे?" बाईंनी काकुळतीने विचारलं.

"...गुलाबाची फुलं. वरती वेलावर. यंदा बरी आलीत."

गाडी भलत्याच वेगाने वळली.

बरेच दिवस उत्तर नाही, म्हणून नॉर्मन स्वतः क्लबमध्ये गेला. चिटणिसांची खोली बंद होती. शेजारच्या दारावर ठसठशीत पाटी होती : 'टॉयलेट. स्वच्छ ठेवा. – फॅनशॉ, चिटणीस.'

नॉर्मनने पाटी दोनदा वाचली. अर्जाचं त्याला तेवढं वाटलं नाही. एका भल्या बाईला आपण गुलाबांवर थोपवून धरलं, याचं फार वाटलं.

गुलाबाची पाटी पुन्हा जागेवर लागली आहे. बेरिल रोज दुपारी नॉर्मनला पाय वर घ्यायला सांगून खुर्चीखालून झाडून घेते. अर्ज प्रलंबित आहे.