पिंकीला शोधायला कोण गेलं?

सकाळी दुधाची पिशवी आली की वाघमारे काका आधी ती कानाशी धरून हलवायचे. मी एकदा विचारलं, "काका, दूध बोलतं का?"

"दूध गप्प असतं," ते म्हणाले. "पाणी बोलतं."

अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या समोरच्या दारात राहायचे. एकटेच. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शहाडच्या एका कारखान्यात गेटवर उभं राहून त्यांनी नोकरी काढली. सुटणाऱ्या कामगारांचे डबे उघडून बघायचे, हे काम. पुढे ते रिटायर झाले, पण डबे उघडणं काही सुटलं नाही. लिफ्ट बंद पडली की म्हणायचे, "हे सरळ नाही." चालू झाली की म्हणायचे, "हे तर मुळीच सरळ नाही." मी आजारी पडून घरी राहिलो की दार वाजवून विचारायचे, "कामावर का नाही गेलास? खरं सांग."

त्यांच्या घरी टीव्ही होता, पण केबल नव्हती. "वायर दोन्हीकडून चालते," असं त्यांचं मत. "आपण त्यांना बघतो, तसे ते आपल्याला बघत असणार." त्यामुळे बघण्यासारखं काही असलं की ते आमच्याकडे यायचे. आमच्या घरात त्या वायरीतून कोणी बघितलं तर त्यांची हरकत नव्हती.

ही गोष्ट हँडीकॅम नवे नवे आले होते तेव्हाची. आमच्या केबलवाल्यानं आपल्या लोकल चॅनलवर एक पिक्चर लावणार म्हणून आठवडाभर पट्टी फिरवली होती. 'पालेगाव की आखरी कॅसेट'. रविवारी दुपारी जेवणं आटोपून सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. माझी बायको सुनंदा, वरच्या मजल्यावरच्या आहुजा आंटी, खालचे कदम, आणि दाराजवळच्या खुर्चीवर वाघमारे काका. दाराजवळ, म्हणजे निघायला बरं.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर अक्षरं आली. 'ये कॅसेट जंगल में मिली. इसमें दिखनेवाले लोग आज तक नहीं मिले.' मग तीन पोरं आणि पिंकी नावाची एक मुलगी पालेगावच्या पुढे कुठल्यातरी बंद कारखान्यात शिरली. कॅमेरा त्यांच्यातल्याच एकाच्या हातात, आणि तो हात वरातीत नाचणाऱ्याचा असावा तसा हलत होता.

"अरे, मेरे को चक्कर आ रहा है," आहुजा आंटी म्हणाल्या. "कोई इसका हाथ पकडो ना!"

मग भूत आलं. पांढरा गाऊन, मोकळे केस. सुनंदानं उशी तोंडावर घेतली आणि उशीतूनच विचारलं, "गेलं का?" कदम मात्र हसायला लागले. कदम मूळचे सावंतवाडीकडचे, भुतांच्या बाबतीत स्वतःला जाणकार समजायचे. "हे कसलं भूत! आमच्याकडचं भूत असं बोलावल्याबरोबर येत नाही. त्याला काही मान असतो."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. आता हे एकेक चूक काढणार, म्हणून आम्ही वाटच बघत होतो. काका भुतांना मानत नसत. "माझ्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले," ते सांगायचे. "भुतं त्यांच्याबरोबरच गेली." पण त्या दिवशी ते पडद्याकडे वाकून बसले होते, आणि त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

शेवटी पिंकी एकटीच उरली. कॅमेरा तिनं तोंडासमोर धरला. नाक वाहतंय, काजळ गालावर आलंय. "मम्मी, मला घरी यायचंय. कोणीतरी या ना." मग एक किंकाळी, आणि पडदा काळा. नावंबिवं काही नाहीत. लगेच साबणाची जाहिरात.

"भुताच्या हातात घड्याळ होतं!" कदम म्हणाले.

"गाऊन तर उल्हासनगरचा," आहुजा आंटी म्हणाल्या. "गजानन मार्केट में ढेर लगा है."

सुनंदा चहा टाकायला उठली. तेवढ्यात काका म्हणाले, "हिला शोधायला कोण गेलं?"

"कोणाला?"

"या पोरीला. ती म्हणाली, कोणीतरी या. कोण गेलं?"

"काका, पिक्चर आहे तो," मी म्हणालो.

"पिक्चर? मग नावं कुठंयत? अरे, मंडळाच्या नारळ फोडण्याच्या बोर्डावरसुद्धा चाळीस जणांची नावं असतात. इथं एक नाही. वर लिहितात, आज तक नहीं मिले. म्हणजे शोधलं असणार. कोणी शोधलं? आईबापांनी तक्रार दिली का? हे सरळ नाही."

दुसऱ्या दिवशी ते केबलवाल्याकडे गेले. त्याला कोणीतरी पढवून ठेवलं होतं. डोळे मोठे करून तो म्हणाला, "अंकल, सच में जंगल में मिली." झालं! काका तिथून थेट पोलीस चौकीत. हवालदारानं विचारलं, "कोण हरवलंय?"

"ते माहीत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

हवालदारानं पिक्चर बघितला होता. आवाज बारीक करून त्यानं विचारलं, "बाबा, ते भूत खरं होतं का हो?"

काका घरी आले ते माझ्याच दारात. "स्कूटर काढ येत्या रविवारी. त्या पिक्चरमध्ये एकदा आरसा आला होता. आरशात कॅमेऱ्याची बॅग दिसली. बॅगेवर उल्हासनगरच्या व्हिडिओवाल्याचं नाव आहे. मी वाचलंय."

"आरशात अक्षरं उलटी दिसतात, काका."

"उलटी वाचली."

सुनंदा मला आत नेऊन म्हणाली, "जा त्यांच्याबरोबर. पिक्चर बघितल्यापासून डबा दिला तर तसाच परत येतोय. जेवत नाहीयेत ते."

मग गेलो. उल्हासनगरला मार्केटच्या मागे लग्नाच्या शूटिंगचं एक चिमुकलं दुकान होतं, आत विकी नावाचा सिंधी पोरगा. काकांनी काउंटरवर हात ठेवून सरळ विचारलं, "पिंकी कुठंय?"

विकी आधी घाबरला. मी मधे पडून सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उजळला. काउंटरवरून उडी मारूनच तो बाहेर आला. "अंकल! तुम्हाला सच्ची वाटली? एकदम सच्ची? सगळे हसले, अंकल. माझ्या बापानं पण हसून टीव्ही बंद केला. तुम्ही पहिले!" आणि त्यानं काकांना मिठी मारली. काकांनी मिठीतूनच एका हातानं आपल्या शर्टाचा खिसा दाबून धरला.

"पिंकी कुठंय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मनीषा नाव आहे तिचं. बदलापूरला असते, पार्लरमध्ये काम करते. एकदम ठीक आहे. फोन लावू?"

त्यानं लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला. काकांनी ऐकला आणि मोबाइल परत दिला. "आवाज कोणाचाही असतो. मला बघायचीय."

विकीनं दिलेल्या पत्त्यावर गेलो. बदलापूरला तिचं घर एका चाळीत, आतल्या गल्लीत होतं. दार तिनंच उघडलं. हाताला कणीक, केस वर बांधलेले. टीव्हीतल्यापेक्षा लहान वाटली, विशीतली असेल नसेल. विकीनं फोनवर सांगितलेलं असावं, कारण ती ओठ दाबून हसत होती. काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उलटतपासणी.

"तूच का ती?"

"हो, काका."

"त्या कारखान्यातून बाहेर कधी आलीस?"

"त्याच दिवशी, संध्याकाळी. शूटिंग संपलं, विकीनं सगळ्यांना वडापाव दिले, आणि सोडलं की मला."

"कुठपर्यंत सोडलं? दारापर्यंत?"

"नाही... नाक्यापर्यंत."

"नाक्यापर्यंत!" काकांचा आवाज चढला. "अंधार पडला असेल ना? दारापर्यंत सोडायला काय झालं होतं त्याला? आणि आत गेल्याचं बघून मग निघायचं. सांग त्याला. वाघमारेंनी सांगितलंय म्हणावं."

मनीषाचं हसू कुठल्या कुठे गेलं. कणकेचा हात तिनं ओढणीला पुसला. "तुम्ही खरंच मला शोधत आलात?" तिनं विचारलं. "अंबरनाथवरून?"

काका जिन्याकडे वळले. आतून तिच्या आईनं कोण आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, "माझं काम बघून आलेत, आई." मग आम्हाला चहा घेऊनच जा म्हणाली, पण काका जिना उतरायलाच लागले होते.

परत येताना त्यांनी रस्त्याकडेच्या एका टपरीवर स्कूटर थांबवायला लावली. भूक लागली म्हणाले. दोन वडे खाल्ले, तिसरा मागवला. मी म्हणालो, "काका, एवढा जीव का टांगणीला लावला होता? आम्ही सगळ्यांनी बघितला की पिक्चर."

"तुम्ही भूत बघत होतात," ते म्हणाले. मग वड्याचा कागद चुरगाळून टाकला. "संजय, एक विचारू? माझं दार सकाळी उघडलं नाही, तर तुला किती दिवसांनी कळेल?"

मी म्हणालो, "दिवस कशाला, काका? सकाळी नऊपर्यंत तुम्ही कोणावर संशय घेतला नाहीत, तर मी दार तोडून आत येईन."

ते हसले नाहीत. माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "खरं बोलतोयस ना?"

"खरं."

"बघू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघायच्या आधी मी त्यांचं दार वाजवलं. आतून खडा आवाज आला, "कोण आहे? काम काय?"

"काही काम नाही. संजय."

"काम नाही तर दार का वाजवलंस? हे सरळ नाही."

एकेक कडी निघायला लागली. दार उघडलं. काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मागे टेबलावर चहाचे दोन कप भरलेले होते, दोन्हींवर बशा झाकलेल्या.

"कोणी येणार आहे का, काका?" मी विचारलं.

"कोण येणार माझ्याकडे," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.