अर्ध्या वाटेवरची फियाट

लेकीची, नयनची, पाठवणी पुसदहून महागावला तिच्या आजोबांच्या जुन्या फियाटमधूनच करायची, असा सदाशिवरावांचा हट्ट होता. पण गाडीचा कार्बुरेटर पार कामातून गेला होता. वाहिद मिस्त्रीने दोन कार्बुरेटर पुढ्यात ठेवले: एक बाजारातला नवा, एक भंगारातला जुना. नव्या मालाचं नाव काढलं की सदाशिवरावांच्या कपाळाला आठी. त्यांनी जुना उचलला, पण तो कोणत्या गाडीचा हे विचारलं नाही. वाहिदने बोल्टची भोकं कानशीने घासून जुळवली, पेट्रोल सोडणारा जेट जरा मोठा केला. इंजिन सुरू झालं ते इतक्या धीरगंभीर आवाजात की दोघेही नकळत हळू बोलू लागले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबू लागली. शेतावर निघा, बाजाराला निघा, बरोबर अर्ध्या वाटेवर बंद. भर दुपार, वारा पडलेला, आणि बॉनेटखाली कुणीतरी दम घेतल्यासारखा आवाज. सगळे खाली उतरले आणि जागा बदलून बसले, की गाडी मुकाट चालू. त्याच जागी बसलं तर ढिम्म. सदाशिवरावांच्या पत्नी विमलताईंनी तिच्यात बसणंच सोडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सदाशिवरावांनी वाहिदला गाठलं. "खरं सांग, हा कोन्या गाडीचा हाये?"

वाहिदने पुसलेले हात पुन्हा पुसले. "भाऊ, महागावच्या शववाहिनीचा. विसाव्याची आदत ऱ्हायली असन."

तिरडी अर्ध्या वाटेत टेकवायची, पुढच्या खांदेकऱ्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे यायचं, ही रीत सदाशिवरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पेट्रोलची वाफ होत असेल, असंही वाहिद म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसला नाही. नवा कार्बुरेटर तोवर विकला गेला होता. घरी सांगायची सोय नव्हती. सदाशिवराव रात्रभर देवाचं नाव घेत पडून राहिले.

पाठवणीला मागे नयन आणि जावई, पुढे सदाशिवरावांच्या शेजारी जावयाचे म्हातारे थोरले काका, मोठेबाबा. अर्ध्या वाटेवर गाडी थांबलीच. सदाशिवरावांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. लेकीच्या पाठवणीत हा अपशकुन! मोठेबाबांनी डॅशबोर्डला कान लावला.

"उतरा सारे," ते शांतपणे म्हणाले. "पुढचे मांगं, मांगचे पुढं."

स्टीअरिंगवर मात्र ते स्वतःच बसले, शेजारी जावई. गाडी लगेच चालू झाली.

"मीच चालवत होतो हिले. आवाजावरून वयखलं. कायजी नका करू, पोचवते बराबर. फकत नेलेलं मानूस हिनं कधी वापस नाही आनलं."

मागे बसलेल्या सदाशिवरावांनी महागाव येईपर्यंत नयनचा हात सोडला नाही.

सदाशिवराव परत निघताना मोठेबाबा खिडकीशी वाकले. "जाताना मांगं पाहू नका."

सदाशिवरावांनी आरसासुद्धा छताकडे वळवला. पण गल्ली अरुंद, गाडी मागेच घ्यावी लागणार होती. त्यांनी समोर बघत, डोळे पुसत रिव्हर्स टाकला आणि व्याह्यांच्या मांडवाचे दोन खांब आडवे केले.

मांडव कोसळल्याचा आवाज ऐकून आतून नयन धावत आली. "बाबा, लागलं का तुम्हाले?"

मोठेबाबांनी डोक्यावरची टोपी काढली. नेलेलं माणूस परत आलं होतं. सदाशिवरावांनी मागे वळून पाहिलं आणि ते पोटभर रडले.