खंदारेमामांचं व्ही-वन

झरीहून परभणीला निघालेली काळीपिवळी खंदारेमामांनी तपासल्याशिवाय सुटत नाही. आत चौदा माणसं कोंबलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि हे चारही टायर बोटांच्या पेरांनी ठोकत निवांत फेरी मारणार. "मागच्या डाव्याचा आवाज बसका हाय," असं काहीतरी सुनावल्याशिवाय बाजूला होणार नाहीत.

मामा माझे शेजारी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका विमानतळावर जेट विमानांची चाकं बदलली, पण विमानात एकदाही बसले नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही. निवृत्त होताना ते एकच ज्ञान घेऊन आले: व्ही-वन.

"गुरुजी, इमान पळायलंय. टायर फुटला. काय करताल?"

"ब्रेक मारीन."

"मेलात!" मामा खूश. "आधी स्पीड बघायची. एक ठरलेली स्पीड असती, व्ही-वन. तिच्या आत असलं तर ब्रेक. पुढं गेलं की थांबायला धावपट्टी पुरत न्हाई. मग फुटू द्या टायर, उडायचं!"

हा नियम त्यांनी गावभर लागू केला. एकदा माझी अर्धी दाढी झाली आणि दुकानातली वीज गेली, तर बाकावरून हुकूम आला, "व्ही-वन झालं, उरका!" न्हाव्यानं उरकली. त्याची खूण अजून हनुवटीवर आहे. शेजारच्या नवरदेवाला हळद लागल्यावर शंका यायला लागल्या, तेव्हाही मामा हजर होते. तो संसार मात्र बरा चाललाय.

यंदा त्यांची एकुलती लेक सुजाता बंगळुरूला नोकरीसाठी निघाली. मामी जाऊन चार वर्षं झालेली, घरात हे दोघंच. आदल्या आठवड्यात ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "पप्पाला जरा जरी काय झालं, तर मी न्हाई जायची."

निघायच्या सकाळी गाडी दाराशी आली. मामा चौकटीला टेकून उभे, जागचे हलेनात.

"गुरुजी, आज तुमी बघा टायर."

मला नवल वाटलं. मी ठोकले, पण मला त्यातलं काय कळतंय!

सुजाता पाया पडायला वळली, तर मामा ओरडले, "उशीर व्हायलाय! हितूनच जयभीम कर."

तिचा एक पाय गाडीत. "पप्पा, नको जाऊ का?"

"आता कामून थांबायलीस? व्ही-वन झालं. बस!"

गाडी निघाली. मी विचारलं, "मामा, आज फेरी का नाही मारली?"

त्यांनी पँट जरा वर केली. घोटा सुजून टम्म झालेला. पहाटे न्हाणीत घसरले होते.

"तिनं बघितलं असतं, तर बॅग उतरवली असती," ते म्हणाले.

"गाडी दिसती का अजून?"

"नाही."

"मग धरा मला," मामा म्हणाले, आणि त्यांनी चौकट सोडली.