लाल ठिपका

मेश्रामभाऊंच्या घरी सकाळचा चहा 'टिक्' झाल्याशिवाय कपात पडत नसे.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, आमची दारं समोरासमोर आणि कारखान्यात आम्ही दोघंही व्हेंटिलेशनमध्ये, त्यामुळे हा माणूस मला ड्युटीवरही सोसावा लागे आणि घरीही. विजेच्या मोठमोठ्या मोटारींच्या खोल्यांत हवा ढकलणाऱ्या पंख्यांपुढे फिल्टर असत. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक ओळखणारा, तळहाताएवढा गोल स्विच हे भाऊंचं दैवत. फिल्टर धुळीनं तुंबला की फरक वाढे, स्विच टिक् करी आणि दिवा लागे. किती फरकाला टिक् व्हायचं ते एका स्क्रूनं ठरे. फिल्टर बदलायचा कंटाळा असलेले लोक गुपचूप तो स्क्रूच पिळून ठेवत. म्हणून भाऊ सेटिंग झालं की स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देत आणि बजावत, "पेंट तुटला का नियत तुटली."

घरीदारीही त्यांचं हेच चाले. नागपूरला ऊन फार आहे म्हटलं, की विचारत, "कायच्यापेक्षा?" कोणी बायकोचं गाऱ्हाणं घेऊन आला तर त्याला परत पाठवत. हे एका साइडचं प्रेशर झालं, दुसऱ्या साइडचं घेऊन या, म्हणत.

वहिनींना दमा होता. डॉक्टरांनी फुंकायचा व्यायाम सांगितला, तेव्हा भाऊंनी भंगारात निघालेला एक स्विच रीतसर कागद करून आणला, दुरुस्त केला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ठोकला. वहिनींनी रोज सकाळी त्याच्या नळीत फुंकायचं, टिक् झालं की मग भाऊ चहा घेणार. स्क्रूवर अर्थातच लाल ठिपका.

त्या हिवाळ्यात वहिनींना दोन खोल्या ओलांडतानाही धाप लागे. टिक् मात्र रोज होई. सेटिंग मागच्या वर्षीचंच आहे, असं भाऊ सेक्शनभर सांगत सुटले होते.

एका सकाळी मी त्यांना ड्युटीसाठी हाक मारायला गेलो. भाऊ आंघोळीला गेले होते, वहिनी स्टोव्हपाशी होत्या. मी सहज नळी हातात घेऊन फुंकर घातली, गरम चहावर घालतो तेवढीच. टिक्. मी स्क्रू चाचपला. ठिपका ओला होता, रंग अंगठ्याला लागला.

वहिनी बघत होत्या. "मले मालूम आहे, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "पण टिक् नाही झालं तं हे बिनाचहाचे जातेत. मले समजलं हे यायले सांगू नका."

तेवढ्यात भाऊ बाहेर आले. वहिनींनी पदर खोचला, नळी तोंडाला लावली आणि सगळा जीव एकवटून फुंकलं. टिक्.

"पाहा," भाऊ म्हणाले, "तेच सेटिंग." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

अंगठा मुठीत लपवून मी डाव्या हातानं चहा प्यायलो.